हेरोद आणि पिलात यांची दोस्ती

लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायातले बारावे वचन आमच्याकडे कोणी पाठ करत नाही. पिलाताने येशूला हेरोदाकडे पाठवले, हेरोदाने त्याची टर उडवली, झगझगीत वस्त्र घालून त्याला परत पिलाताकडे धाडले, आणि त्याच दिवशी ते दोघे एकमेकांचे मित्र झाले. तोवर त्यांच्यात वैर होते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तीन तासांच्या त्या उपासनेत या वचनाची पाळी कधी येत नाही, कारण ते कुठल्याच उद्गारात बसत नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर शुभवर्तमाने सावकाश वाचायला घेतली तेव्हा या वचनापाशी अडखळले. पिलात रोमचा सुभेदार, हेरोद गालीलाचा मांडलिक राजा. पिलाताने गालीली माणसांचे रक्त सांडल्याचे लूक आधीच तेराव्या अध्यायात सांगतो, तेव्हा वैराला कारणही असणार. दोघांनी कैद्याची चौकशी केली. मरणदंड द्यावा असा दोष दोघांनाही सापडला नाही, आणि हे पिलात लोकांसमोर उघड बोलतो. तरी संध्याकाळच्या आत निरपराध माणूस मेला आणि दोन सत्ताधाऱ्यांचे जुळले. युती, करार, तह, अलिप्तता हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. या सगळ्याच्या तळाशी काय असते ते लूकने एका ओळीत सांगून ठेवले आहे, असे मला आता वाटते.

हे लिहायला बसले त्याला निमित्त झाले. आमचा बायबल अभ्यास गुरुवारी संध्याकाळी शरणपूर रोडच्या बाजूला एकांच्या घरी असतो. दहा-बारा जण जमतो, बहुतेक पेन्शनर. गीत, प्रार्थना, वचन, मग चहा. गटाचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे आणि त्यावर प्रार्थनेच्या विनंत्या येतात: कुणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, कुणाच्या मुलीचे लग्न जमत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर त्यात एक विनंती वरचेवर येऊ लागली, इस्राएलाच्या विजयासाठी प्रार्थना करा. खाली आमेन, आमेन, आमेन. पाठवणारी माणसे चांगली आहेत. माझे पती गेले तेव्हा महिनाभर आमच्या घरी त्यांनीच डबे पोचवले. बायबलातला इस्राएल आणि आजचे तिथले सरकार त्यांच्या मनात एकच झाले आहे, आणि अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र असल्यामुळे ती ज्याच्या पाठीशी तो देवाच्या पक्षाचा, असा हिशेब कधी पक्का झाला ते त्यांचे त्यांनाही सांगता येणार नाही.

७ ऑक्टोबरला हमासने सुमारे १२०० माणसे मारली, २५१ जणांना ओलीस नेले. त्या क्रौर्याला दुसरे नाव नाही आणि त्यासाठी सबब शोधणाऱ्यांशी माझे कधी पटणार नाही. त्यानंतर १९ ऑक्टोबरच्या रात्री गाझातल्या सेंट पोर्फिरियस या फार जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारात बॉम्ब पडला. आसऱ्याला आलेली ख्रिस्ती कुटुंबे त्यात मेली. डिसेंबरमध्ये होली फॅमिली या कॅथलिक चर्चच्या आवारात एक आई आणि तिची मुलगी गोळ्या लागून गेल्या. त्या नाताळात बेथलेहेममधल्या लूथरन चर्चने बाळ येशूला गव्हाणीऐवजी सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवले. पोप फ्रान्सिस मरेपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी गाझातल्या त्या छोट्या मंडळीला फोन करत: जेवलात का, मुले कशी आहेत. आमच्या ग्रुपवर यांतले काहीही आले नाही. मी एका गुरुवारी ते वाचून दाखवले. एक काका म्हणाले, "तिथे ख्रिस्ती लोक आहेत?"

त्या प्रश्नाने मी हलले. प्रभू जिथे जन्मला, चालला आणि मेला त्या भूमीतली मंडळी तेव्हापासून तिथेच आहे, आणि मैत्रीच्या नकाशावर ती चुकीच्या बाजूला पडली म्हणून आम्हाला ती दिसतही नाही.

मग बोलणे युक्रेनवर गेले आणि तिथे सगळे न्यायाच्या बाजूचे झाले. रशियाने केलेले आक्रमण अन्यायच आहे. मॉस्कोचे पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, किरील यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये वेदीपासून सांगितले, की या युद्धात कर्तव्य बजावताना मरणाऱ्याची पापे धुतली जातात. पापे धुणारे रक्त एकच, हे संडे स्कूलच्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच रशियाने सुरक्षा परिषदेत गाझातल्या लेकरांसाठी गळा काढला, आणि युक्रेनच्या इस्पितळांसाठी रडणाऱ्या अमेरिकेने गाझातल्या युद्धबंदीचे ठराव नकाराधिकार वापरून एकामागोमाग पाडले. १७ मार्च २०२३ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन यांच्या नावे वॉरंट काढले तेव्हा अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष बायडेन यांना ते योग्य वाटले. २१ नोव्हेंबर २०२४ ला त्याच न्यायालयाने नेतान्याहू यांच्या नावे वॉरंट काढले, तेव्हा त्याच बायडेन यांनी संताप व्यक्त केला. कोर्ट तेच, कायदा तोच. फरक एवढाच, की एक आरोपी शत्रू होता आणि दुसरा मित्र.

ख्रिस्ती अहिंसा म्हटले की लोकांना दुसरा गाल आठवतो आणि हसू येते. मला गेथशेमाने बाग आठवते, जिथे येशूला पकडले. त्याचा शिष्य पेत्र याने तरवार उपसली, मल्ख नावाच्या नोकराचा उजवा कान छाटला. येशू म्हणाला, "तुझी तरवार परत जागच्या जागी घाल." समोर मंदिराचे शिपाई तरवारी आणि सोटे घेऊन उभे होते. त्यांच्या हातातली शस्त्रे टाकायला तो सांगत नाही. तो आपल्या माणसाला सांगतो, ज्याची बाजू न्यायाची होती, ज्याचे प्रेम खरे होते, त्याला. आणि कान बरा करतो तो शत्रूच्या नोकराचा. माझा सगळा मुद्दा या एका प्रसंगावर उभा आहे. शत्रूच्या तरवारीविरुद्ध बोलणे कुणालाही जमते, त्याला ख्रिस्ताची गरज नाही. आपल्या आणि आपल्या मित्राच्या तरवारीविरुद्ध आधी बोलायचे, तिथे शिष्यपणाची कसोटी लागते.

पहिल्या तीन शतकांतल्या मंडळीला हे कळत होते. त्या काळचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो, की पेत्राला निःशस्त्र करताना प्रभूने प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडवला. २९५ साली उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराला सैन्यभरतीसाठी उभे केले. मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येत नाही, एवढेच तो सांगत राहिला. बादशहाच्या सैन्यात ख्रिस्ती शिपाई आहेतच की, असे अधिकारी म्हणाला, तेव्हा त्यांचे त्यांना ठाऊक, असे त्याचे उत्तर होते. त्याचा बाप शेजारीच उभा होता. पोराचा शिरच्छेद झाला. पुढे ३१२ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ताच्या चिन्हाखाली लढाई जिंकली, आणि शंभर वर्षांनी, ४१६ साली, मूर्तिपूजकांना सरकारी आणि सैनिकी सेवेत घेऊ नये असा हुकूम निघाला. ज्या सैन्यात जायला नकार दिला म्हणून ख्रिस्ती पोर मेले, ते सैन्य सव्वाशे वर्षांच्या आत ख्रिस्ती लोकांसाठी राखीव झाले. त्यानंतरचा इतिहास फार वेगळा नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बक्कलवर 'देव आमच्यासोबत' कोरलेले होते, आणि समोरच्या इंग्रज पलटणीचा पाद्री त्याच देवाकडे विजय मागत होता.

आमच्या स्वतःच्या मुळाशीही हे आहे. नाशिकच्या शरणपूरची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवली. इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली, त्यांना लिहा-वाचायला आणि सुतारकी-लोहारकी शिकवली. मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत वाहणाऱ्यांत इथे शिकलेली मुले होती; त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये त्या शवाबरोबर वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण त्याच दशकात, त्याच राणीचे आरमार चीनवर अफूसाठी तोफा डागत होते. १८५८ मध्ये तिआन्जिनला तह झाला, त्याने मिशनऱ्यांना चीनच्या आत जायची मोकळीक दिली, आणि त्यामागून त्याच वर्षी झालेल्या जकातीच्या कराराने अफूचा व्यापार कायदेशीर केला. ती अफू आपल्या माळव्यातून मुंबई बंदरातून जात होती. पवित्र शास्त्र आणि अफू एकाच बंदरात उतरली. त्यानंतर चिनी माणसाने मिशनऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावे?

आता ऑस्कर रोमेरो यांच्याविषयी. आमच्यात ते फारसे माहीत नाहीत, एक तर ते कॅथलिक आणि त्यात मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर नकाशावर बोटाने शोधावा लागतो. १९८० साली तिथे लष्करी राजवट होती. शेतमजूर, शिक्षक, पाद्री, जो बोलेल तो रात्री उचलला जाई आणि सकाळी रस्त्याच्या कडेला सापडे. रोमेरो सॅन साल्वादोरचे आर्चबिशप. स्वभावाने भिडस्त, पुस्तकातले, नेमणूक झाली तेव्हा श्रीमंतांना बरे वाटले होते. त्यांच्या मित्राला, एका खेड्यातल्या जेझुइट पाद्र्याला, १९७७ मध्ये गोळ्या घातल्या आणि हा भिडस्त माणूस बोलू लागला. दर रविवारी रेडिओवरून प्रवचन. त्यात आठवड्यात कोण मेले, कोण नाहीसे झाले, त्यांची नावे वाचायची. कारखान्यात, शेतावर, हॉटेलात लोक रेडिओभोवती जमत.

त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर होते. संडे स्कूलमध्ये शिकवणारा, गुडघे टेकून प्रार्थना करणारा बॅप्टिस्ट माणूस, आणि मानवी हक्कांना परराष्ट्र धोरणात जागा द्यायची असे म्हणून निवडून आलेला. १७ फेब्रुवारी १९८० ला रोमेरो यांनी त्यांना पत्र लिहिले. तुम्ही ख्रिस्ती आहात, मानवी हक्कांचे रक्षण करायचे म्हणता, म्हणून विनंती करतो: आमच्या सरकारला लष्करी मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांवर चालेल. एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला इतके साधे पत्र क्वचितच लिहिले असेल. उत्तर आले, ते सभ्य भाषेतले होते. शेजारच्या निकाराग्वात डावे नुकतेच सत्तेवर आले होते, साल्वादोर हातचा जाऊ द्यायचा नव्हता. मदतीची तयारी चालू राहिली.

२३ मार्चच्या प्रवचनात रोमेरो थेट शिपायांशी बोलले. तुम्ही याच लोकांतले आहात, आपल्याच शेतकरी भावांना मारता आहात. मारण्याचा हुकूम देवाच्या आज्ञेच्या विरुद्ध असेल तर तो पाळायला कोणी बांधलेला नाही. देवाच्या नावाने सांगतो, दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कॅन्सरच्या रुग्णांच्या एका इस्पितळाच्या छोट्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना, वेदीसमोर त्यांना एकच गोळी लागली. काही दिवसांतच वॉशिंग्टनमध्ये लष्करी मदत मंजूर झाली. डिसेंबरमध्ये चार अमेरिकन मिशनरी स्त्रियांवर तिथल्या नॅशनल गार्डच्या शिपायांनी अत्याचार करून त्यांना ठार केले, तेव्हा मदत थांबली. जानेवारीत परत सुरू झाली. बारा वर्षांच्या यादवीत सुमारे ७५,००० माणसे मेली. मारणारे ख्रिस्ती, मरणारे ख्रिस्ती, पैसे पाठवणारे ख्रिस्ती. कार्टर दुष्ट नव्हते. पुढे त्यांनी घरे बांधली, रोगराई हटवण्यासाठी आयुष्य वेचले. म्हणूनच त्यांचे उदाहरण मला जास्त बोचते. चांगला माणूस प्रार्थना करून उठला आणि मैत्रीच्या हिशेबाने सही करून आला.

अमेरिकेतच मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध भाषण केले आणि आपलेच सरकार जगात सर्वांत जास्त हिंसा पुरवणारे आहे, असे सांगितले. तोवर त्यांना डोक्यावर घेणारी वर्तमानपत्रे उलटली. काळ्यांच्या हक्कांपुरते बोला, परराष्ट्र धोरणात पडू नका, असा सल्ला त्यांच्याच मंडळींतून आला. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, त्यांना गोळी घातली.

मराठी माणसाला हे सगळे दूरचे वाटत असेल तर गोवा घ्या. १९४९ मध्ये नाटो ही अमेरिका आणि पश्चिम युरोपीय देशांची लष्करी युती स्थापन झाली. कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांची ग्वाही आहे, आणि खाली सही करणाऱ्यांत पोर्तुगाल आहे, जिथे सालाझारची हुकूमशाही होती. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचा विमानतळ हवा होता, बाकी सगळे चालवून घेतले. त्या सालाझारने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करारही केला होता. गोव्यात तुरुंग भरत होते. ज्यांनी भरले त्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा होते, ज्यांना १९४६ मध्ये पकडून पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात नेऊन टाकले. त्याच वर्षी १८ जूनला मडगावला डॉ. लोहियांच्या शेजारी डॉ. ज्युलियांव मिनेझिस उभे होते. गोव्याचे ख्रिस्ती पोर्तुगिजांच्या बाजूचे होते असे सरसकट बोलणाऱ्यांना मी ही दोन नावे सांगते.

मे १९५५ मध्ये सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांची तुकडी नि:शस्त्र आत गेली. मार खाल्ला. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले, हातात तिरंगा, दुसरे काही नाही. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला त्यांचे स्मारक आहे. साडेतीन महिन्यांनी, २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर निवेदन काढले. त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा होता. डलेस एका प्रेस्बिटेरियन पाळकांचे चिरंजीव, चर्चच्या कामात पुढे असलेले, साम्यवादाला देवहीन म्हणून नाकारणारे. नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडणारा ख्रिस्ती हुकूमशहा मात्र मित्र.

१९६१ च्या डिसेंबरात आपल्या सैन्याने दीड दिवसात गोवा घेतला. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारताच्या बळाच्या वापरावर फार कळवळून भाषण केले, संयुक्त राष्ट्रांचा अंतच जवळ आला आहे म्हणाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने क्युबावर परागंदा क्युबन लोकांची फौज उतरवली होती, आणि त्याआधीच्या विमानहल्ल्याबद्दल याच स्टीव्हन्सननी त्याच संयुक्त राष्ट्रांत खोटा फोटो दाखवला होता. त्यांच्या सरकारने त्यांनाही अंधारात ठेवले होते. रशियाने नकाराधिकार वापरून आपल्याला वाचवले. ज्या रशियाने पाच वर्षांपूर्वी हंगेरीच्या बुडापेस्टमध्ये रणगाडे घातले होते, त्या रशियाने.

इथून मला माझ्या घरात यावे लागते. माझे पप्पा ओझरच्या कारखान्यात फिटर होते. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा तो विभाग १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. तो का उभा राहिला हे मी मुलांना शिकवले: पाकिस्तान १९५४-५५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी गटांत सामील झाला, आयझेनहॉवर यांनी नेहरूंना लिहिले की ही शस्त्रे तुमच्याविरुद्ध वापरू देणार नाही, आणि १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत अमेरिकन पॅटन रणगाडे आले. पाकिस्तानला स्टारफायटर विमाने मिळाली तसे आपण रशियाकडे गेलो आणि मिग आले. ओझरच्या माळावर द्राक्षबागांच्या शेजारी उभे राहिलेले ते हँगर असे दोन महासत्तांच्या मैत्री-वैरातून आले, आणि आमची चूल त्याच्यावर पेटली.

पप्पा पहाटे कंपनीच्या बसने जात. डब्याच्या पिशवीत नवा करार आणि रशियन शब्दांची एक खिशातली डिक्शनरी. ड्रॉइंगवरचे शब्द ओळखता यावेत म्हणून त्यांनी ती अक्षरे शिकून घेतली होती. पिशवीला तेलाचा वास यायचा, नव्या कराराच्या पानांच्या कडा काळपट झाल्या होत्या. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाची पाने तर बोटांनी पातळ झालेली. १९७१ च्या डिसेंबरात मी लहान होते. खिडक्यांना काळा कागद, रात्री दिवा नाही, पप्पा ओव्हरटाइमवर. आई स्तोत्र म्हणत बसे. पुढे मोठी झाल्यावर मी त्यांना विचारले, की शत्रूवर प्रीती करा वाचता आणि विमाने बांधता, कसे जमते? त्यांनी मला गप्प केले नाही. म्हणाले, "मी नट आवळतो तेव्हा आत बसणारा पोरगा सुखरूप उतरावा एवढंच मागतो. पण चर्चमध्ये या विमानाचा जयजयकार कोणी केला तर मी उठून जाईन." आणि एकदा खरेच उठून गेले. एका विजयदिनाच्या खास उपासनेत बाहेरून आलेल्या वक्त्याने शत्रूच्या किती विमानांचा चुराडा झाला ते सांगून टाळ्या घेतल्या, तेव्हा पप्पा वहाणा घालून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले, प्रभुभोजनापर्यंत आत आले नाहीत. त्यांचे उत्तर मला पुरे पडत नाही. पण ते खोटे नव्हते.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती. ढाक्यातले अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिलला आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांच्यामार्फत चीनची दारे उघडून घ्यायची होती, तार फाइलीत गेली आणि ब्लड यांची बदली झाली. ऑगस्टमध्ये आपण रशियाशी करार केला. योग्यच केले, म्हणतील सगळे, आणि एक कोटी निर्वासित दारात असताना दुसरे काय करणार होतो ते मलाही सांगता येत नाही. पण त्या मैत्रीची किंमत आपण आधीपासून मोजत होतो. १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत हंगेरीवर मतदान आले तेव्हा भारत आधी तटस्थ राहिला आणि नंतरच्या एका ठरावाच्या विरोधात गेला. जयप्रकाश नारायण यांनी त्या मौनाबद्दल नेहरूंना उघड बोल लावले. १९६८ मध्ये रशियन फौजा घुसलेल्या प्रागवर पुन्हा तटस्थ. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवर तटस्थ. २०२३ च्या ऑक्टोबरात गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावरही तटस्थ. डिसेंबरात मात्र बाजूने मत दिले. ओझरच्या हँगरमधून मिगनंतर सुखोई बाहेर पडले, इस्राएलकडूनही आपण भरपूर शस्त्रे घेतो. अमेरिकेच्या दुटप्पीपणावर मी इतके लिहिले, तर हे लिहिल्याशिवाय मला पेत्राचे नाव घेता येणार नाही.

यशया संदेष्ट्याच्या काळी यहूदा असाच कोंडीत होता. अश्शूरचे सैन्य येत होते आणि दरबारी मिसरशी, म्हणजे इजिप्तशी, करार करायला धावले. एकतिसाव्या अध्यायात यशया त्यांना धिक्कारतो: घोड्यांवर टेकता, रथ पुष्कळ आहेत म्हणून भरवसा ठेवता, मिसरी माणसेच आहेत, देव नव्हेत. त्याला कोणी विचारले असेलच, मग आम्ही काय करायचे? तो प्रश्न आम्हालाही गुरुवारी विचारला जातो. हातावर हात ठेवून बसायचे का? मी नाशिकमध्ये राहते, मला उत्तरासाठी पॅलेस्टाइनला जावे लागत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारांशी बाबासाहेबांचे आणि दादासाहेब गायकवाडांचे हजारो सत्याग्रही जाऊन बसले. रामनवमीला रथाच्या वेळी दगड पडले, डोकी फुटली. वर्षानुवर्षे तो लढा चालला. दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्या दारांत बसलेल्यांना भित्रे म्हणायची कुणाची छाती आहे? ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांचे श्रेय मला आपल्या खात्यावर घ्यायचे नाही. पण तेव्हा आमची नाशिकची मंडळी त्या दारांपाशी किती होती, हा प्रश्न मला पडतो.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा तोफखान्यात आहे, सध्या देवळालीला. तो जेवायला आला होता. बोंबील आणि भाकरी खाता खाता मी हे सगळे त्याला ऐकवले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मावशी, तू म्हणतेस ते पटतं. पण उद्या मी सीमेवर असलो आणि चर्चने आमच्यासाठी प्रार्थना थांबवली, तर आम्ही कुठे जायचं?" मी त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले होते ते सांगितले. आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. कोणावर जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारावर समाधानी राहा, असे तो म्हणाला. नोकरी सोडा असे म्हणाला नाही, आणि तुमची मोहीम पवित्र आहे असेही म्हणाला नाही. "तुझं नाव मी रोज घेते," मी म्हटले, "तोफेचं घेणार नाही." तो म्हणाला, "मग हे मला सांगून काय उपयोग? कमिटीला सांग."

म्हणून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला अर्ज दिला आहे. रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत कोणत्याही देशाच्या विजयाची मागणी नसावी, ती इस्राएलाची नको, रशियाची नको, आपली नको. पाळकसाहेबांनी अर्ज नीट वाचला आणि बैठकीत ठेवतो म्हणाले. दोघा सभासदांनी मला आधीच फोन करून सांगितले, की हे देशविरोधी दिसेल, दिवस बरे नाहीत, आपण अल्पसंख्य. त्यांची भीती खरी आहे आणि मी ती हलक्यात काढत नाही. तरी मसुदा लिहून ठेवला आहे. त्यात गाझातली होली फॅमिली मंडळी आहे, ७ ऑक्टोबरला ज्यांची माणसे गेली ती इस्राएलातल्या किब्बुत्झ वस्त्यांमधली घरे आहेत, युक्रेनमधल्या खारकिव्हची आणि रशियातल्या बेल्गोरोदची मुले आहेत, सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे आहेत, राज्य करणाऱ्यांसाठी, त्यांच्या मित्रांसाठी आणि त्यांच्या करारांसाठी एक ओळ आहे, आणि देवळालीतल्या माझ्या भाच्याचे नाव आहे.